अर्ध्या इंचाला एक फूट

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. 2025 च्या गणपतीत देखावा म्हणून मी लालबागच्या चाळीची प्रतिकृती केली. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर तीन खोल्या, समोर गॅलरी, एका टोकाला जिना, वर मंगलोरी कौलं. दर्शनाला आलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं, कौलं कुठे मिळाली, लाकूड इतकं जुनं कसं दिसतं, भिंतींना खरा चुना लावला का. हातात प्रसादाचं ताट घेऊन सांगताना निम्मं राहून जायचं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. चाळ उभी करायला लागला त्याहून जास्त वेळ ती जुनी करायला लागला. त्यामुळे लिहिणंही त्या भागाबद्दल जास्त होईल.

ही चाळ बाबांची. त्यांचा जन्म तिथला. गिरणीतली नोकरीही त्यांनी तिथूनच केली. इमारत पाडली त्याला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे तिचे थोडेच फोटो आहेत, तेही लग्नामुंजीतले. त्यात माणसं पुढे आणि चाळ मागे जराशी दिसते. म्हणजे मुख्य आधार बाबांच्या आठवणीचाच होता.

सगळ्यात आधी माप ठरवलं. अर्ध्या इंचाला एक फूट, म्हणजे मूळ इमारतीच्या एक चोविसांश. बाबा अजून फुटांतच बोलतात, त्यामुळे हे माप सोयीचं पडलं. दहा बाय बाराची खोली पाच बाय सहा इंचांची झाली. चार फुटांची गॅलरी दोन इंचांची. दहा फूट उंचीचा मजला पाच इंचांचा. दर वेळी गणित मांडत बसावं लागलं नाही. आमची शाडूची मूर्ती एक फुटाची असते. या मापात ती चोवीस फुटांची ठरते. लालबाग-परळला वीस फुटांच्या आसपासच्या मूर्ती नवलाच्या नाहीत, त्यामुळे चाळीपुढच्या अंगणात मूर्ती शोभली. तुमची मूर्ती मोठी असेल तर माप ठरवण्याआधी हे जरूर तपासा.

मापानंतर साल ठरवलं. हे मला बाबांनी सुचवलं. मी विचारलं, "बाबा, गॅलरीत काय काय दाखवू?" ते म्हणाले, "कधीची चाळ दाखवतेस त्यावर आहे. संपाआधीची की नंतरची?" गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. आम्ही 1980 च्या आसपासची चाळ धरली. त्यामुळे पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटले. निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या नाहीत, प्लॅस्टिकची पिंपं नाहीत, डिशच्या थाळ्या नाहीत. पत्र्याची पिंपं आणि पितळी हंडे आहेत. मुंबईचं दूरदर्शन ऑक्टोबर 1972 मध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे कौलांवर तारेचा एक अँटेना चालतो. चाळीला शेवटी शेवटी लाकडी टेकू लागले होते. ते बाबांना नको होते आणि सालामुळे त्यांचा प्रश्नही आला नाही.

मापांसाठी गिरगावात गेले. तिथे ओळखीच्यांची तशीच लाकडी सांगाड्याची चाळ अजून उभी आहे. परवानगी घेऊन टेपने मोजायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या.

"काय गं, बिल्डरची माणसं का?"

"नाही काकू, आमच्या गणपतीसाठी चाळ करतेय, छोटी."

"मग नळाकडचा कोपरा बघ आधी. तो बघितल्याशिवाय काही खरं नाही."

त्यांनी मला गॅलरीच्या टोकाशी नेलं. तिथे नळ, शेजारी मोरी, आणि भिंतीला जमिनीपासून हातभर हिरवट काळी ओल. त्यावर पांढरा लोणा. त्याच्यावर मात्र भिंत कोरडी आणि पिवळी. मग मी सगळीकडे तेच बघत गेले. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे कधीच पोहोचत नाही. माझी नजर त्या दुपारी खरी बदलली. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी उभी धरून ठेवली. घरी आल्यावर त्या पट्टीमुळे खिडकीच्या गजांमधलं अंतरसुद्धा काढता आलं. तुम्ही असे फोटो काढाल तर पट्टी विसरू नका. तुळयांची टोकं, पाइपांचे जोड, कौलांची खालची बाजू यांचेही फोटो घ्या. घरी बसल्यावर नेमकं तेच हवं असतं.

भिंतीसाठी पहिला प्रयोग पुठ्ठ्याचा केला. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि स्प्रेचा रंग त्यावर पडला की तो विरघळतोही. पुठ्ठा घरात होता. पण त्या वर्षी पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल झाला होता आणि जूनमध्ये हवा ओलीगच्च होती. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पुट्टी लावली आणि सकाळपर्यंत भिंत कमानीसारखी वाकली. दोन्ही बाजूंनी लावून पाहिलं. मग ती नुसतीच मऊ पडली आणि आठवड्यात आतून बुरशीचा वास यायला लागला. पावसाळ्यात करणार असाल तर पुठ्ठा वापरू नका.

आमच्या रस्त्यावर पाट्या आणि बोर्ड करणारं दुकान आहे. त्यांच्याकडे जुन्या बोर्डांचे सनबोर्डचे तुकडे पडलेले असतात. पाच मिलीमीटर जाडीचे बरेच तुकडे त्यांनी अगदी थोड्या पैशांत दिले. सनबोर्डला पाणी लागत नाही, तो वाकत नाही आणि साध्या कटरने कापता येतो. मात्र त्याला फेव्हिकॉल नीट धरत नाही. जोड फेव्हिक्विकने केले आणि आतल्या कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या दिल्या. पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरखरीत करून घेतला. तसं केलं नाही तर पुट्टी वाळल्यावर अख्खा पापुद्रा सुटून येतो. तळाला अर्ध्या इंची प्लायवूड घेतलं.

आत दिवे लावायचे असतील तर भिंती जोडण्याआधी आतून काळा रंग मारून घ्या. सनबोर्ड पांढरा असतो आणि उजेड त्यातून आरपार दिसतो. मी जोडणीआधी एका खोलीत मोबाइलचा दिवा लावून पाहिला तर भिंतच उजळली. काळ्यावर मग आतला निळा-हिरवा रंग दिला. दिवे लोहार चाळीतून आणले, पिवळसर उजेडाचे छोटे एलईडी. पांढऱ्या उजेडाचे आणू नका. 1980 सालच्या खोलीत साधा बल्ब होता.

लाकूडकामात आईस्क्रीमच्या काड्या, टूथपिक आणि बाल्साच्या चौकोनी पट्ट्या वापरल्या. काडी साधारण दहा मिलीमीटर रुंद असते, आपल्या मापात ती साडेनऊ इंचांची फळी होते. कठड्याचे गज टूथपिकचे. खांब सहा मिलीमीटरच्या बाल्साचे. गॅलरीखाली तुळयांची टोकं दिसतात, ती विसरली तर गॅलरी चिकटवल्यासारखी वाटते. सांडपाण्याचे बिडाचे पाइप बांबूच्या काड्यांचे केले. खरे पाइप सहा फुटांच्या तुकड्यांत येतात आणि प्रत्येक जोडाला जाड कडं असतं. म्हणून दर तीन इंचांवर कागदाची पट्टी गुंडाळून कडी केली. या कड्यांचं महत्त्व पुढे कळलं.

लाकडाला रंग चिकटवण्याआधी द्या. चिकटवताना फेव्हिकॉल कुठेतरी पसरतोच, आणि तो वाळला की तिथलं लाकूड रंग पीत नाही. तिथे पांढरट डाग राहतो.

जुन्या लाकडाचा राखाडी रंग ब्रशने आणायला गेलं तर तो रंगच वाटतो. त्यासाठी एक घरगुती उपाय आहे. काचेच्या बरणीत व्हिनेगर घ्यायचं आणि त्यात स्टीलवूल टाकून दोन दिवस ठेवायचं. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी इथे चालत नाही, ती गंजत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं बारीक लोखंडी स्टीलवूल लागतं. बरणीचं झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला जागा हवी. दुसरीकडे कोरा चहा कडक उकळून गार करायचा. लाकडाला आधी चहा लावायचा, तो वाळला की वरून बरणीतलं पाणी. चहातल्या टॅनिनशी लोह मिसळतं आणि लाकूड डोळ्यांदेखत करडं होत जातं. काड्यांच्या पांढऱ्या लाकडात टॅनिन कमी असतं, म्हणून चहा वगळू नका. एकदा जास्त, एकदा कमी असं लावलं की प्रत्येक फळी वेगळी दिसते. मला या सगळ्या कामात सर्वात जास्त आनंद इथे झाला. बाबांनी एक काडी हातात घेतली आणि नखाने खरवडून पाहिली.

पण सगळं लाकूड करडं नको. बाबा म्हणाले, "अगं, कठड्याचा वरचा भाग कधी करडा नसायचा. दिवसभर त्यावर हात आणि कोपर." खरंच आहे. ऊनपाऊस लागतो ते लाकूड करडं होतं. माणसांचा हात लागतो ते गडद आणि गुळगुळीत होतं. कठड्याच्या वरच्या पट्टीवर, जिन्याच्या हातधरणीवर आणि दाराच्या कडीजवळ मी तपकिरी बुटपॉलिश बोटाने चोळलं. नंतर सुती फडक्याने पुसलं. तेवढ्याने तिथे माणसं राहतात असं वाटायला लागलं.

भिंतींना पुट्टीत थोडा फेव्हिकॉल आणि चाळलेली बारीक वाळू घालून गिलावा केला. काही ठिकाणी गिलावा पडून आतल्या विटा दिसतात, तिथे पुट्टी ओली असतानाच पट्टीने विटांच्या रेघा ओढल्या. हे कोपऱ्यात आणि पाइपाजवळच करा. भिंतीच्या मधोमध, कोरड्या जागी, गिलावा सहसा पडत नाही.

मग पोपडे. चाळीच्या भिंतीला वर्षानुवर्षं एकावर एक रंग बसलेले असतात. पिवडी, त्यावर निळीचा चुना, त्यावर पुन्हा पिवडी. वरचा थर सुटला की खालचा दिसतो. छोट्या प्रतिकृती करणारे लोक यासाठी दोन रंगांच्या मध्ये केसांचा स्प्रे मारतात आणि वरचा रंग पाण्याने उचलतात. मीही केलं. आपल्याकडचा ॲक्रिलिक रंग रात्रभर वाळला की मात्र सुटतच नाही. तासाभरातच उचलावा लागतो, आणि मोठ्या भिंतीवर तेवढ्यात हात पोहोचत नाही. शेवटी पोस्टर कलर कामी आला. खालचा थर ॲक्रिलिकचा, पूर्ण वाळलेला. वरचा पोस्टर कलरचा. तो कधीही ओल्या ब्रशने उचलता येतो. टूथब्रशचे केस कापून आखूड केले आणि त्याने हलके टोचत गेले. पोपडे हवे तसे सुटले. नंतर लगेच वॉर्निशचा एक पातळ हात द्यायला हवा. नाहीतर पुढच्या पाण्याच्या कामात सगळा रंग वाहून जातो.

भेगांसाठी दुसरी युक्ती. फेव्हिकॉलचा जाडसर थर द्यायचा, तो चिकट असतानाच वरून पोस्टर कलर जाड लावायचा. वाळताना आपोआप बारीक तडे जातात. पावसाळी हवेत याला वेळ लागतो. टेबलफॅन लावून ठेवला तरच नीट तडे येतात.

कौलांनी बराच काळ घेतला. मंगलोरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगलोरला काढला, आणि पुढे मुंबईत ही कौलं घरोघर चढली. जुन्या लाकडाच्या वखारीतून मी एक खरं कौल मागून आणलं. सोळा इंच लांब, दहा इंच रुंद. आपल्या मापात ते सतरा मिलीमीटर लांब आणि जेमतेम साडेदहा रुंद होतं. चाळीची मागची बाजू भिंतीला टेकणार होती, म्हणून फक्त पुढच्या उतारावर कौलं लावली. तरी सहाशेच्या आसपास लागली.

एपॉक्सी पुट्टीत दहा कौलांची एक पट्टी कोरली. तिचा साचा सिलिकॉनमध्ये घेतला. साच्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतलं तर पट्ट्या काढताना मोडायच्या. आमच्या दंतवैद्यांना सहज विचारलं, तर त्यांनी डेंटल स्टोन वापरायला सांगितलं. दातांचे साचे करायला ते हीच पूड वापरतात. प्लॅस्टरला शंभर ग्रॅमला पन्नास मिलीलिटरपर्यंत पाणी लागतं, डेंटल स्टोनला तीसच्या आसपास पुरतं. पाणी कमी म्हणून वस्तू जास्त घट्ट होते. पाणी मोजूनच घाला, अंदाजाने नको. ओतल्यावर साचा टेबलावर थोडा वेळ आपटत राहायचं म्हणजे बुडबुडे वर येतात. कोपरे तुटलेल्या पट्ट्या फेकू नका. फुटकं कौल प्रत्येक छपरावर असतंच.

छपराचा एकच विटकरी रंग दिला तर ते नवं बंगल्याचं छप्पर वाटतं. मी विटकरी, तपकिरी आणि काळपट अशी वेगवेगळी मिश्रणं करून पट्ट्या आलटून पालटून रंगवल्या. काही कौलं एकेकटी ठळक नारिंगी केली, कारण फुटलेल्याच्या जागी नवं कौल येतं आणि ते बरीच वर्षं वेगळं उठून दिसतं. शेवाळ आढ्याजवळ कमी आणि उताराच्या खालच्या भागात, कौलांच्या जोडात जास्त. पाणी तिथे जास्त वेळ रेंगाळतं.

आता मुख्य काम, डाग आणि ओघळ. इथे मी एकच नियम पाळला. डागाचं कारण सांगता आलं तरच तो द्यायचा. चाळीचं तोंड आम्ही पश्चिमेला धरलं. मुंबईचा पाऊस त्याच बाजूने वाऱ्यासकट येतो. पण गॅलरीच्या आतली भिंत वरच्या मजल्यामुळे बरीच झाकलेली असते. तिला पावसाचे ओघळ नसतात. तिथे हातांचा मळ, स्टोव्हचा धूर, खिडकीच्या वरचा काळा पट्टा. उघडी असते ती बाजूची भिंत. ती वरपासून काळवंडलेली. पागोळ्या पडतात त्या रेषेत जमिनीवर चर आणि भिंतीच्या पायाशी फूटदीड फूट तांबडा चिखल उडालेला. पाइपाच्या प्रत्येक कड्याखाली हिरवट काळा ओघळ, कारण पाइप जोडातच गळतो. म्हणून ती कागदी कडी आधी करून ठेवलेली बरी. खिडकीच्या गजांखाली गंजाच्या बारीक रेघा. जिन्याच्या कोपऱ्यात पानाचे डाग.

या डागांसाठी तयार पावडर विकत आणायची गरज पडली नाही. तांबड्या चिखलाला गेरू, पिवळटपणाला पिवडी, काजळीला कोळशाची वस्त्रगाळ पूड, भिंतीवरच्या लोण्याला पांढऱ्या खडूची पूड. पातळ रंगात भांडी धुण्याच्या द्रावणाचा एक थेंब घातला की तो गोळा न होता फटींमध्ये पसरतो. निव्वळ काळा रंग कुठेही वापरू नका. काळ्यात तपकिरी आणि थोडा हिरवा मिसळा. ओघळ काढताना चाळ उभी ठेवूनच काढा. एका ब्रशने रंगाचा ठिपका, दुसऱ्या स्वच्छ ओलसर ब्रशने तो खाली ओढायचा. आडवी ठेवून काढलेले ओघळ तिरके जातात आणि नजरेला खटकतात. अंगणातल्या मातीसाठी उकळलेली चहापूड कढईत कोरडी होईपर्यंत भाजून घेतली. नीट भाजली नाही तर दमट हवेत तिला बुरशी येते.

ऑगस्टच्या सुरुवातीला सगळं झालं असं वाटलं. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "छान आहे. पण इतकी पडकी नव्हती गं. माणसं राहत होती तिथे. गणपतीआधी प्रत्येक घर आपापल्या दाराभोवती रंग काढायचं." मला वाईट वाटलं, कारण त्याच भिंतींवर मी सर्वात जास्त राबले होते. पण ते म्हणत होते ते बरोबर होतं. इमारतीची बाहेरची डागडुजी मालकाची. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली होती आणि त्या पैशांत मालक दुरुस्ती करत नव्हते. गॅलरीच्या आतलं मात्र भाडेकरूंचं. म्हणून बाहेरची भिंत काळी आणि दारापुढची भिंत उजळ, असं एकाच इमारतीत दिसायचं.

मग प्रत्येक दाराभोवती ताजा रंग दिला. एका खोलीला फिकट हिरवा, शेजारच्या खोलीला निळा, तिसरीला पिवळा. रंग माणसाचा हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत. त्याच्या वर जुनाच. दोन बिऱ्हाडांच्या मधली रंगांची सीमारेषा थोडी वाकडी. उंबरठ्याशी रांगोळी, तुळशीचा डबा, दोरीवर कपडे. यानंतर बाबांनी त्यांची खोली बोटाने दाखवली. त्याआधी त्यांनी ती कधी दाखवली नव्हती.

शेवटचा त्रास वॉर्निशने दिला. 18 आणि 19 ऑगस्टला मुंबई-ठाण्यात अतिवृष्टी झाली, लोकलही बंद पडल्या. सुट्टी मिळाली म्हणून मी मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला. वाळताना बाजूच्या काळ्या भिंतीवर पांढरट धुकं उतरलं. गणपती 27 ऑगस्टला यायचे होते. त्या रात्री झोप आली नाही. हवेत ओल जास्त असली की स्प्रेच्या वॉर्निशचं असं होतं. उपाय सोपा निघाला. पाण्यात मिसळणारं चकचकीत वॉर्निश पातळ करून ब्रशने त्या भागावर लावलं. धुकं जवळजवळ सगळं गेलं. ते वाळल्यावर, खोलीचं दार बंद करून आणि हेअर ड्रायरने हवा कोरडी करून, वरून मॅट वॉर्निश ब्रशनेच दिलं. पावसाळ्यात स्प्रेच्या वाटेला जाऊच नका. ब्रशचं पाण्यातलं वॉर्निश घ्या आणि आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघा.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आसपास आला. त्यात सर्वात महाग सिलिकॉन होतं. निरांजन आणि समई चाळीपासून लांब ठेवली, सुक्या काड्या आणि वॉर्निश पटकन पेट घेतात. विसर्जनानंतर चाळ ठेवताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली नाही. आत ओल कोंडून बुरशी येते. जुन्या सुती साडीत गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवली आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. पुढच्या वर्षी तीच चाळ पुन्हा मांडायची आहे, फक्त शेजारी नळाचा कोपरा मोठा करायचा आहे.

तुमच्या ओळखीत अजून कुणी चाळीत राहत असेल, तर पुनर्विकासाच्या सह्या होण्याआधी एकदा टेप आणि कॅमेरा घेऊन जा. खोलीची, कठड्याची, जिन्याच्या पायरीची मापं लिहून ठेवा. मोरीचे, पाइपांचे, कौलांच्या खालच्या बाजूचे फोटो काढा. घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवून विचारा, रंग कुठला होता, पाणी कुठून गळायचं. प्रतिकृती करायला वेळ नंतरही मिळेल, ही मापं नंतर मिळत नाहीत.